'पण लक्ष्यांत कोण घेतो' : यमूचा संसार सुखाचा म्हणायचा की नुसत्या नशिबाचा?

वाचनवेल

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक होणार आहे पण डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय.

गेले दोन महिने मी रोज रात्री जेवणं आटोपली की आईला हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्ष्यांत कोण घेतो' वाचून दाखवते. आई ८१ वर्षांची आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी बारीक टाइप तिला दिसत नाही, आणि ही कादंबरी तिने लग्नाआधी एकदा वाचली होती, ती तिला परत ऐकायची होती. रोज वीसेक पानं व्हायची. आई मधेमधे थांबवायची, आमच्याकडे पण असंच होतं हो म्हणायची, मग एखादी आत्या नाहीतर मावशी आठवायची आणि वाचन तिथेच राहायचं.

गेल्या आठवड्यात केशवपनाच्या प्रसंगाशी आलो. मी दोन ओळी वाचल्या असतील, आईने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाली, बास, मीट ते. पुस्तक मिटलं, दिवा मालवला, तेव्हापासून पुस्तक कपाटावर पडून आहे.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना आई आपणहून म्हणाली की तरी बरं, मधली काही वर्षं तरी तिला सुख लागलं, नवरा देवमाणूस होता, त्या दुर्गीच्या वाट्याला काय आलं बघ. माझी मुलगी बाजूला बसून डबा भरत होती, ती पटकन म्हणाली, "आजी, नवरा देवमाणूस निघाला तर सुख, नाही निघाला तर मार, मग यात यमूच्या हातात काय होतं?" आई गप्प झाली. मीही गप्प झाले, कारण मला दोघींचंही पटत होतं.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. यमू स्वतःची गोष्ट स्वतः सांगते. वडील अत्यंत तापट आणि हुकमी, आई सोसणारी, दादा म्हणजे भाऊ तिचा जिवलग. मैत्रीण दुर्गी, तिचा नवरा वाया गेलेला आणि छळणारा. यमूचं लग्न लहानपणीच होतं, पण नवरा म्हणजे रघुनाथराव शिकलेला, नव्या विचारांचा, तो तिला वाचायला लिहायला शिकवतो, मुंबईला दोघं राहतात ते दिवस फार गोड आहेत. मग तो जातो, आणि पुण्याला सासरी आणून तिचे केस जबरदस्तीने काढतात.

तर मला विचारायचंय हे, की यमू आणि रघुनाथरावांचा संसार आपण बरोबरीचा म्हणू शकतो का? की तोही जुन्याच पद्धतीचा होता, फक्त हुकूम करणारा माणूस चांगला होता? आणि त्या काळी लग्नाकडून बायकांची आणि पुरुषांची अपेक्षा नक्की काय असायची? मनापासून वाचलेल्यांनी लिहा प्लीज.

सह्यकडा

ताई, तुमच्या लेकीने बरोबर जागी बोट ठेवलंय.

मी ही कादंबरी तीनदा वाचली. पहिल्यांदा कॉलेजात होतो तेव्हा मला ती शंकरमामंजीची गोष्ट वाटली होती, म्हणजे यमूच्या सासरी एक दुष्ट ढोंगी माणूस आहे आणि तो या मुलीचा नाश करतो अशी. नंतर वाचताना लक्षात आलं की शंकरमामंजी नसता तरी दुसरं कुणीतरी ते केलंच असतं, कारण ते करायचा अधिकार घराने आधीच देऊन ठेवला होता. कादंबरीत तीन नवरे समोर ठेवा, यमूचे वडील, दुर्गीचा नवरा आणि रघुनाथराव. तिघांचे स्वभाव किती वेगळे, पण बायकोवर चालणारी सत्ता तिघांकडे सारखीच आहे. एक ती धाकासाठी वापरतो, एक मारझोडीसाठी आणि एक बायकोला शिकवण्यासाठी. रघुनाथरावांबद्दल मला मनापासून आदर वाटतो, पण यमूला वाचायला मिळालं ते त्यांनी दिलं म्हणून. त्यांच्या मनात नसतं तर तिला ते कुणाकडे मागताही आलं नसतं.

आणि सगळ्यात मोठा विरोध मला नवराबायकोत नाही दिसला, बापलेकीत दिसला. यमूची आई जाते, वडील दुसरं लग्न करतात, घरात नवी बायको येते आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. यमूचा नवरा जातो तर न्हावी येतो. जोडीदार गेल्याचं दुःख एकाच घरातल्या दोन माणसांवर आलं, बापाच्या दारात मांडव पडला आणि लेकीच्या डोक्यावर वस्तरा फिरला. हरिभाऊंनी हे दोन्ही प्रसंग एकाच मुलीच्या तोंडून सांगितलेत आणि मला वाटतं कादंबरीचा सगळा जीव तिथे आहे.

आपल्या भाषेतले शब्दच बघा ना. बायको गेलेल्या माणसाला जुन्या बोलण्यात 'बिजवर' म्हणायचे. त्यात 'वर' आहे, म्हणजे बायको गेली तरी तो नवरदेवच, फक्त दुसऱ्या खेपेचा. तिसऱ्यांदा उभा राहिला तर तिजवर, त्यालाही शब्द तयार. आणि नवरा गेलेल्या बाईला काय शब्द होते? सोवळी, बोडकी. एकही शब्द पुढे बघणारा नाही. त्यातून बाईला सगळ्यात चांगलं मरण कुठलं तर अहेव मरण, म्हणजे नवऱ्याच्या आधी गेलेलं. आमच्या आजीच्या तोंडी हे वरदान मागितल्यासारखं यायचं, अहेवपणी मरण येऊ दे. लहानपणी मला वाटायचं हे प्रेम आहे. आता वाटतं त्यात प्रेम असेलही, पण त्याच्याखाली भीती किती होती, मागे राहिलो तर काय होईल याची.

घाटावरचा

सह्यकडा, तुमचं बरंचसं पटतं पण रघुनाथरावांना तुम्ही जरा स्वस्तात काढताय असं मला वाटतं, म्हणून लिहितो.

आपण आज बसून म्हणतो की त्याने 'दिलं'. पण त्या काळी एकत्र कुटुंबातल्या तरुण मुलाकडे द्यायला तरी काय होतं? शिकत असलेला मुलगा, कमाई नाही, वरती वडीलधारे, आणि वाड्यात दिवसाढवळ्या थोरांसमोर बायकोशी बोलायचीसुद्धा चोरी. रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यातील कांही आठवणी' (१९१०) वाचा. तिथे न्यायमूर्ती रानडे स्वतः तिला शिकवायला बसतात आणि घरातल्या बाकीच्या बायका रमाबाईंना दिवसभर टोचून खातात, की तू का शिकतेस, आमच्यात हे नाही. आणि बायकोला शिकवायला निघालेला माणूस कोण, तर रानडे! त्यांच्याच बाबतीत बघा, विधवाविवाहाचं जाहीर समर्थन करणारा माणूस, १८७३ मध्ये पहिली बायको वारली आणि त्याच वर्षी वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवून ११ वर्षांच्या मुलीशी लग्न केलं, स्वतःचं वय ३१. लोकांनी त्यावरून त्यांना बोल लावला तो योग्यच होता. पण एवढ्या मोठ्या माणसाला बापाचा शब्द मोडता आला नाही यावरून पुरुषांवर सुद्धा घराचा केवढा दाब होता ते कळतं की नाही?

म्हणून मला मुंबईचा भाग फार महत्त्वाचा वाटतो. पुण्याच्या घरात जे जमत नाही ते मुंबईच्या बिऱ्हाडात जमतं. तीच दोन माणसं, पण दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात वर बघायला सासू नाही, माजघर नाही, कुणी कुठे बसायचं आणि कुणी कुणासमोर यायचं नाही याचे नियम नाहीत, मग बायको नवऱ्याशी मोकळेपणाने बोलू शकते, पुस्तकातलं काय कळलं काय नाही ते विचारू शकते, आणि नवऱ्यालाही हुकूम सोडायची गरज पडत नाही कारण बघायला कुणी नसतं. बोरघाटातली रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली तिचं आपण व्यापाराच्या अंगाने कौतुक करतो, पण त्या गाडीत बसून किती तरुण जोडपी पहिल्यांदा एकटी राहायला गेली असतील याचा विचार केला की मला वेगळंच वाटतं. भूमिका माणसाच्या अंगात जन्मतः नसतात, त्या घराच्या रचनेत असतात असं माझं मत झालंय ही कादंबरी वाचून.

आणि म्हणूनच तो गेल्यावर तिला परत पुण्याच्या घरात आणतात तिथे माझा श्वास अडकतो. पुढे काय होणार ते त्या दारातून आत जातानाच कळतं.

काळा_कोट

इथे कायद्याचं थोडं सांगतो कारण वाचनवेल ताईंच्या लेकीचा प्रश्न "तिच्या हातात काय होतं" याचं उत्तर कायद्यात अगदी सरळ मिळतं. काही नव्हतं.

विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच कायद्यात असंही होतं की विधवेने पुन्हा लग्न केलं तर पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क गेला. म्हणजे लग्न कायदेशीर झालं पण ते करायची किंमत ठेवली. एकत्र कुटुंबातली विधवा म्हणजे पोटगीची, म्हणजे अन्नवस्त्राची धनी, वाटा मागायची नाही. १९३७ मध्ये विधवेला नवऱ्याच्या वाट्यात हक्क मिळाला पण तोसुद्धा हयातीपुरता. पूर्ण मालकी आली १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने. म्हणजे यमूच्या नंतर साठ वर्षांहून जास्त.

आता हे कादंबरीत ठेवून बघा. रघुनाथराव गेला त्या दिवशी यमूकडे राहायला स्वतःचं छप्पर नाही, स्वतःचा पैसा नाही, ती मुंबईत एकटी राहू म्हणाली तर कशावर राहणार? केस काढायला नाही म्हणणं म्हणजे ज्या घरात खायचं त्या घराला नाही म्हणणं. तिला वाचता येत होतं, विचार करता येत होता, पण एक पै तिच्या नावावर नव्हती. शिक्षणाने तिला आपल्यावर काय होतंय ते नीट कळत होतं. ते थांबवायला लागतं ते दुसरंच काहीतरी आणि ते तिला कुणी दिलं नव्हतं, रघुनाथरावांनीही नाही. तो चांगला होता पण आपण गेलो तर हिचं काय, याची सोय त्याच्याही हातात नव्हती.

एक खरी केस पण सांगतो. रखमाबाई. ११ व्या वर्षी लग्न लागलं, मोठी झाल्यावर तिने नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला, नवरा दादाजी भिकाजी कोर्टात गेला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला, मग अपिलात ते फिरलं आणि १८८७ मध्ये हुकूम झाला की नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग. ती म्हणाली तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि ती विलायतेला जाऊन डॉक्टर झाली. ही केस सगळ्या मुंबई पुण्यात गाजत होती आणि त्यानंतर दोनतीन वर्षांतच हरिभाऊंच्या 'करमणूक' साप्ताहिकात यमूची गोष्ट यायला लागली. म्हणजे वाचणाऱ्यांना 'नाही' म्हणणारी बाई नवीन नव्हती. रखमाबाईच्या मागे तिचे सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन उभे होते. यमूच्या मागे दादा होता, मनाने सगळा तिच्या बाजूचा, पण घरात त्याच्या शब्दाला वजन किती?

शेवंता६२

मी इथे सहसा लिहीत नाही, वाचते फक्त. पण आज राहवलं नाही.

माझी पणजी सोवळी होती. आजोबांची आई नव्हे, आजोबांची काकू, पण घरात सगळे तिला आजीच म्हणायचे आणि आम्ही मुलं पणजी म्हणायचो. चौदाव्या वर्षी तिचा नवरा गेला. आम्हाला कळायला लागलं तेव्हा ती पंचाहत्तरीच्या पुढे होती, लाल आलवण म्हणजे विधवेचं लुगडं, डोक्यावरून पदर कानामागे खोचलेला, आणि दर महिन्याला एक म्हातारे न्हावी मागच्या दाराने यायचे. ते आले की आम्हा मुलांना पुढच्या अंगणात पाठवायचे. मला वाटायचं पणजीला काही दुखणं आहे आणि ते औषध लावायला येतात.

लग्नकार्यात ती स्वयंपाकघरात असायची. पुरणाचा सगळा बेत तिच्या हातचा, सोवळ्यात, पण अक्षता टाकायला ती कधी मांडवात आली नाही. माझ्या आत्याच्या लग्नात मी तिचा हात धरून ओढत होते चल ना चल ना म्हणून, तर तिने माझ्या हातात एक लाडू दिला आणि म्हणाली, तू जा, मला इथनं सगळं ऐकू येतं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी ती माझी वेणी घालायची. तेल चोपडून, फणीने, इतकी घट्ट की डोळे ताणले जायचे. फणीत अडकलेले केस ती टाकायची नाही, बोटाभोवती गुंडाळून त्याची बारीक गुंडी करायची आणि खिडकीच्या फटीत ठेवायची. केस विकत घेणारी बाई आली की भांडं घेता येईल असं ती म्हणायची. कुणीही हात लावू द्यायची नाही त्या गुंड्यांना.

१९७२ साली मी दहा वर्षांची होते, डोक्यात फार उवा झाल्या म्हणून आईने मला नेऊन बॉबकट करून आणला. मला तर फार आवडला होता, शाळेतल्या एका मुलीचा तसाच होता. मी नाचत घरी आले. पणजी माजघरात निवडत बसली होती, तिने मान वर करून बघितलं आणि सूप खाली ठेवलं. मला जवळ घेतलं, मानेवरून हात फिरवला जिथे केस संपत होते तिथे, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "तुला कुणी धरलं होतं का गं?"

मी म्हटलं नाही, मी खुर्चीवर बसले होते. ती परत म्हणाली, "कुणी धरलं नव्हतं ना? नक्की?" त्या रात्री ती जेवली नाही. आई म्हणाली उपास असेल.

कॉलेजात असताना मी यमूचा तो प्रसंग वाचला तेव्हा मला पणजीचा प्रश्न कळला. साठ पासष्ट वर्षं तिने तो पोटात ठेवला होता आणि बाहेर पडला तो माझ्या बॉबकटच्या निमित्ताने. तिच्या संसाराबद्दल तिने कधी एक शब्द सांगितला नाही, तिचा नवरा कसा होता, देवमाणूस होता की कसा, तिला तो आठवत तरी होता का, काहीच माहीत नाही. चौदाव्या वर्षापर्यंत ती सासरी किती दिवस राहिली असेल? ज्या माणसाला ती धड ओळखतही नव्हती त्याच्यासाठी ती पासष्ट सत्तर वर्षं आलवणात राहिली.

वाचनवेल ताई, तुमच्या आईंनी पुस्तक मीट म्हटलं ते मला फार कळलं.

घाटावरचा

शेवंता ताई, वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. तुम्ही लिहिलंत त्याबद्दल आभार.

मी वर घराच्या रचनेचं बोललो त्यात एक गोष्ट सांगायची राहिली ती तुमच्यामुळे आठवली, 'मागचं दार'. पुरुषासाठी पुढचं दार आणि ओसरी, बाईसाठी माजघर, आणि सोवळ्या बाईसाठी मागचं दार आणि तिथलाही कोपरा.

बुलढाण्याची_लेक

चर्चा छान चालली आहे पण एक गोष्ट बोलायला हवी, ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या ब्राह्मण घरातली आहे. त्या काळचा 'मराठी संसार' म्हणजे हाच असं आपण धरून चालतो ते बरोबर नाही. आमच्याकडे कितीतरी जातींत बाईचा पाट लागायचा, नवरा गेला तर दुसरं घर करता यायचं, मोहतर म्हणायचे काही ठिकाणी. केशवपन हा प्रकारच आमच्या आज्यांना माहीत नव्हता. बाई शेतात राबायची, बाजाराला जायची, तिच्या कष्टावर घर चालायचं, त्यामुळे तिला मागच्या खोलीत बसवून ठेवणं परवडणारंच नव्हतं.

पण म्हणून आमच्याकडे सगळं मोकळं होतं असंही मी म्हणणार नाही. पाटाच्या बायकोला लग्नाच्या बायकोचा मान कधी मिळाला नाही, कार्यात तिला मागेच ठेवायचे. आणि जी घरं वर चढली, ज्यांच्याकडे जमीन आणि पाटीलकी आली, त्यांनी पहिलं काम काय केलं तर पाट बंद केला, बायका पडद्यात बसवल्या. प्रतिष्ठा म्हणजे बाईला आवळणं हे वरून खाली उतरत गेलं.

आमच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी हे सगळं १८८२ मध्ये लिहून ठेवलंय, 'स्त्री-पुरुष तुलना'. म्हणजे यमूच्या आठ वर्षं आधी, आणि बाईने स्वतः लिहिलेलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर खटला झाला होता, मूल झालं आणि ते मारलं म्हणून, फाशी सुनावली आणि मग ती कमी केली, आणि वर्तमानपत्रं सगळ्या बायकांच्या जातीला नावं ठेवायला लागली, त्यावर चिडून ताराबाईंनी हे पुस्तक लिहिलं. त्या एकेक दुर्गुण घेतात जो बायकांच्या माथी मारला जातो आणि विचारतात हा पुरुषात नाही का? बायको मेली की दहाव्या दिवशी दुसरी आणायला मोकळा होणारा पुरुष आणि जन्मभर कोंडून ठेवलेली बाई, ही सह्यकडा म्हणतायत ती तुलना त्यांनी तेव्हाच सरळ तोंडावर मांडली होती. हरिभाऊंची यमू सोसते, रडते, सांगते. ताराबाई जाब विचारतात. मला दोन्ही हव्याशा वाटतात पण शाळेत आम्हाला फक्त यमू शिकवली, आमच्याच जिल्ह्यातल्या ताराबाईंचं नाव मला तिसाव्या वर्षी कळलं याचं वाईट वाटतं.

आणि न्हावी म्हणजे नुसता वस्तरा चालवणारा असं वाचताना वाटतं, पण १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी ठरवलं होतं की विधवांचे केस आम्ही काढणार नाही. ज्याच्या हातात वस्तरा होता त्याला ते पाप वाटलं आणि ज्यांची मुलगी, सून, भावजय होती त्यांना नाही वाटलं. हे यमूच्या गोष्टीशेजारी ठेवून वाचायला पाहिजे.

सह्यकडा

लोखंड्यांची आठवण करून दिलीत, फार बरं झालं. आणि पाटाबद्दलचं मान्य, माझ्या 'एकही शब्द पुढे बघणारा नाही' या वाक्यात 'आमच्या घरांत' एवढं वाढवून वाचा.

वाचनवेल

सगळ्यांचे खूप आभार. मला इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

काल रात्री आईला मी हे सगळं वाचून दाखवलं. शेवंता ताई, तुमचं वाचताना माझा आवाज जात होता, मग मुलीने मोबाईल घेऊन पुढचं वाचलं. "तुला कुणी धरलं होतं का गं" ला आईने डोळे मिटून घेतले. मग बऱ्याच वेळाने तिने जे सांगितलं ते मी इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. तिच्या माहेरी शेजारी एक बाई होत्या, केस असलेल्या विधवा, सकेशा, त्या मास्तरणी होत्या, कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत शिकून आलेल्या. आई लहान असताना त्यांच्याकडे शिकवणीला जायची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या हिने धर्म बुडवला, पण सगळ्यांच्या मुली शिकायला तिच्याकडेच. आई म्हणाली, त्या बाईंचा पगार दर एक तारखेला यायचा, त्या तो मोजून पितळी डब्यात ठेवायच्या आणि डब्याला कुलूप लावायच्या. आई म्हणाली, मला तेव्हा वाटायचं काय हा हावरटपणा. काळा_कोट दादांनी लिहिलंय ना एक पै तिच्या नावावर नव्हती, ते ऐकल्यावर तिला तो डबा आठवला.

आणि मग मुलीला म्हणाली, तू म्हणालीस ते बरोबर आहे, पण मला रघुनाथरावाचं वाईट वाटतं ते वाटतंच. मुलगी म्हणाली, आजी मलाही वाटतं.

एक विचारायचं होतं, यानंतर आईला काय वाचून दाखवू? तिला खऱ्या बाईचं आवडेल असं वाटतं.

बुलढाण्याची_लेक

आनंदीबाई कर्व्यांचं 'माझे पुराण' द्या. त्या स्वतः बालविधवा, केशवपन झालेल्या, शारदासदनात पंडिता रमाबाईंकडे शिकल्या आणि १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. यमूची कादंबरी पुस्तकरूपाने आली तेच साल बरं का. लग्नानंतर मुरुडला त्यांच्यावर बहिष्कार पडला तेही त्यात आहे. भाषा अगदी बसून बोलल्यासारखी आहे, ऐकायला फार चांगलं.

शेवंता६२

हो, तेच द्या. आणि यमू अर्धी ठेवू नका ताई, आईंना सोसेल तेव्हा शेवटची पानं पण वाचा. मी पणजीला कधी वाचून दाखवली नाही, ती ७८ साली गेली आणि मी पुस्तक हातात घेतलं ते ८१ साली.

वाचनवेल

आज संध्याकाळी आईने स्वतःच कपाटाकडे बोट दाखवलं. म्हणाली, मुंबईच्या भागापासून परत घे, म्हणजे शेवटापर्यंत जाता येईल. साडेनऊला बसतोय आम्ही तिघी.